‘जे’ या एका अक्षराविषयी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या साहित्यविषयक चर्चासत्रांत व्हिडिओ गेमवरचे निबंध अधूनमधून वाचले जाऊ लागले आहेत. अशाच एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ या १९९२ सालच्या जपानी गेममधील पितृत्वाच्या कल्पनेवर निबंध वाचला. निबंध बरा होता. काही ठिकाणी फारच चांगला होता. सत्राचे अध्यक्ष असलेल्या विद्वानांनी समारोपात एकच आक्षेप घेतला. रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका स्वीकारून निर्णय घेण्याचा खेळ. या गेममध्ये कथा आधीच ठरलेली आहे, खेळणारा ती केवळ पुढे ढकलतो. तेव्हा हा खरा रोल-प्लेइंग गेम नव्हे. याला ‘जेआरपीजी’ म्हणतात आणि तो प्रकारच निराळा. सभागृहात माना डोलल्या. विद्यार्थिनी गप्प बसली. मीही गप्प बसलो, त्याची भरपाई म्हणून हा लेख.

अध्यक्षांचा आक्षेप त्यांचा स्वतःचा नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. तो आयात माल आहे. २०१० मध्ये ‘फायनल फँटसी १३’ पाश्चात्त्य बाजारात आला त्या सुमारास ‘बायोवेअर’ या कॅनडियन कंपनीचे एक लेखक डॅनियल एरिक्सन यांनी एका मुलाखतीत तो रोल-प्लेइंग गेम नाहीच असे ठामपणे सांगितले होते. नावाआधी ‘जे’ लावल्याने तो तसा होत नाही, असा त्यांचा एकूण आशय होता. कारण तेच: खेळणाऱ्याला निवड नाही, पात्र घडवण्याची मुभा नाही. हा निवाडा पुढे इतका रुळला की आज तो कोणाचा निवाडा आहे हेही कोणाला आठवत नाही. तो व्याख्या होऊन बसला आहे. २०२३ मध्ये ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांना ‘जेआरपीजी’ या शब्दाविषयी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, पंधराएक वर्षांपूर्वी तो शब्द प्रथम कानावर आला त्या वेळी तो आपल्याला हिणवणारा वाटला होता. आपण सारे तर नुसते ‘आरपीजी’ करायला बसलो होतो. या उत्तरावर जालावर बरीच हळहळ व्यक्त झाली. व्याख्या मात्र जागची हलली नाही.

माझे म्हणणे असे आहे की ही व्याख्या इतिहासातून आलेली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची दहा-बारा वर्षे उत्तर अमेरिकेतल्या मोजक्या कंपन्यांनी केलेल्या काही (खरोखर उत्तम) गेम्सचे गुणविशेष उचलून ते संपूर्ण प्रकारावर मागाहून लादलेले आहेत. वाङ्मयप्रकाराची व्याख्या अशी एका कालखंडावरून करायची ठरवली, तर वास्तववादी कादंबरीच्या निकषांवर बाणभट्टाची ‘कादंबरी’ ही कादंबरी नव्हे असे सिद्ध करून आपण मोकळे होऊ.

मुळाशी जाऊ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. काही माणसे टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्या पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई आकड्यांत मांडलेली असते. आणि एक जण सूत्रधार असतो. आपल्या संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना करून विंगेत जातो. हा शेवटपर्यंत बसून राहतो. खेळणारा म्हणतो, मी दार ठोठावतो. सूत्रधार फासे टाकायला लावतो आणि पलीकडे काय घडले ते सांगतो. या खेळाचे मर्म या माणसात आहे. खेळणाऱ्याच्या मनात येईल ते, अगदी वेडगळ काही, तो ऐकून घेऊ शकतो आणि त्याला उत्तर देऊ शकतो.

संगणकाने नेमका हाच माणूस घालवला. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर विद्यार्थ्यांनी या खेळाची पहिली रूपांतरे केली, तेव्हापासून प्रत्येक संगणकीय रोल-प्लेइंग गेम हा सूत्रधाराविना चाललेला प्रयोग आहे. म्हणजे तो मुळात एक अपुरा अनुवाद आहे. मूळातले सगळे आणता येत नाही. काय आणायचे आणि काय सोडायचे एवढेच अनुवादकाच्या हाती असते. कोणी फासे आणि आकडे आणले, कोणी नकाशा आणला, कोणी सोबत्यांची टोळी आणली. एकानेही मूळ जसेच्या तसे आणलेले नाही. तरीही एक अनुवादक दुसऱ्याला ‘तुझा अनुवाद म्हणजे मूळ नव्हे’ असे सुनावतो, हे दृश्य साहित्याच्या माणसाला ओळखीचे वाटावे.

१९८१ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेत रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’ आला, आणि अँड्रू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आला. ‘विझर्ड्री’मध्ये काय होते? सहा जणांची टोळी, दहा मजल्यांचे भुयार, भिंतींच्या रेघा, राक्षस, लढाई, लूट. संवाद जवळजवळ नाहीत. खेळणाऱ्याच्या निर्णयाने कथा बदलण्याचा प्रश्नच नाही, कारण कथाच जेमतेम आहे. आज प्रचलित असलेली व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर ‘विझर्ड्री’ प्रकाराबाहेर जातो. असे म्हणण्याची छाती एकाही समीक्षकाला झालेली मी पाहिलेली नाही. तो ‘आद्य’ ठरतो, त्याच्या मार्गाने गेलेले जपानी मात्र ‘वेगळे’ ठरतात.

जपानी लोक त्या मार्गाने कसे गेले, हा भाग तर मोठा मौजेचा आहे. १९८४ साली जपानच्या घरगुती संगणकांवर ‘द ब्लॅक ऑनिक्स’ हा गेम गाजला आणि तिथल्या असंख्य खेळणाऱ्यांना रोल-प्लेइंग म्हणजे काय ते प्रथम त्यातून कळले. तो करणारा हेन्क रॉजर्स हा ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, हवाईच्या विद्यापीठात शिकताना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलेला डच माणूस. १९८६ मध्ये युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला तेव्हा लढाईची मांडणी ‘विझर्ड्री’वरून आणि वरून दिसणारा नकाशा ‘अल्टिमा’वरून घेतला, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’ची संगणक-आज्ञावली लिहिली ती नासिर जेबेली यांनी, इराणमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत ‘ॲपल २’वर नाव कमावलेले हे गृहस्थ. त्या गेममधल्या राक्षसांची यादी चाळली तर निम्मे पाहुणे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या घरचे निघतात. त्यात एक ‘राक्षस’ याच नावाचा आहे. आपला राक्षस १९७७ च्या अमेरिकन ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वाघाचे तोंड लावून बसला आणि पुढे जपानी गेममध्ये मांजराच्या अवतारात शिरला, लंकेहून निघाल्यावर त्याने केवढा प्रवास केला! आता या राक्षसाच्या नावाआधी कोणते अक्षर लावायचे?

एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. ‘विझर्ड्री’ हा त्याच्या कर्त्यांनी अर्धा थट्टेने रचलेला गेम होता. त्यातला दुष्ट मांत्रिक ‘वर्डना’ म्हणजे उलटा वाचलेला अँड्रू, आणि राजा ‘ट्रेबोर’ म्हणजे उलटा वाचलेला रॉबर्ट. त्यातल्या एका तलवारीला ‘कुइसिनार्ट’ या स्वयंपाकघरातल्या भाज्या चिरणाऱ्या यंत्राचे नाव दिले होते. अमेरिकन खेळणाऱ्याला पाती गरगर फिरताना दिसत आणि हसू येई. जपानमध्ये ते यंत्र कोणाला ठाऊक नव्हते. तिथे ती ‘काशिनातोची तलवार’ झाली. काशिनातो हा कोणी थोर लोहार असावा अशी समजूत झाली, आणि तलवारीभोवती एक गंभीर दंतकथा जमा झाली. जपानी रोल-प्लेइंग गेमच्या ज्या ‘गंभीर महाकाव्यात्मकते’वर पुढे एवढी चर्चा झाली, तिचा एक झरा असा न कळलेल्या विनोदातून फुटला आहे. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. गैरवाचन हीसुद्धा निर्मितीची एक रीत आहे. आणि त्याचा हिशेबही पाहा: ‘विझर्ड्री’ची मूळ अमेरिकन मालिका २००१ मध्ये आठव्या भागापाशी थांबली, त्या नावाचे नवे गेम त्यानंतर निघाले ते जपानमध्ये. वारसा कोणाकडे राहिला?

होरींपुढची अडचण निराळी होती. त्यांना हा प्रकार संगणकवेड्या तरुणांच्या खोलीतून काढून घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या मुलांपर्यंत न्यायचा होता. हातात कळफलक नाही, चार दिशा आणि दोन बटणे. सगळा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा. जागा वाचवण्यासाठी काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरे ठेवली आणि राक्षसांची, मंत्रांची नावे त्या अक्षरांतच जुळवली. (छंदाच्या बंधनात शब्द शोधणाऱ्या कवीला हे कष्ट समजतील.) आज ज्याला ‘जपानी पद्धत’ म्हणतात, ती आज्ञांची छोटी चौकट, आळीपाळीने होणारी लढाई, हळूहळू उलगडणारी एकच कथा, तिच्यामागे अशी रोकडी कारणे आहेत. पण आपल्या अभ्यासकांना रोकडी कारणे पुरत नाहीत. त्यांना जपानी समूहनिष्ठा लागते, नियतीचा स्वीकार लागतो, आणि उतरणीला लागले की झेनही लागते. जपानी गेमचे हे मित्र त्यांच्या निंदकांपेक्षा मला अधिक धोकादायक वाटतात. निंदक निदान ‘हा आरपीजी नव्हे’ म्हणून थांबतो. मित्र त्याला एका अख्ख्या राष्ट्राचे मानसशास्त्र करून टाकतो.

आता मूळ आक्षेपाकडे. निवड नाही, म्हणून भूमिका नाही. मराठीत विचार करणाऱ्याला हे वाक्य क्षणभरही टिकू नये. आपल्या भाषेत ‘भूमिका’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. विचारवंत भूमिका घेतो. नट भूमिका करतो. पहिल्यात निवड आहे आणि तिची जबाबदारी आहे. दुसऱ्यात संहिता दुसऱ्याची आहे. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, तेव्हा एकही प्रसंग त्यांच्या निवडीचा नव्हता. सारी मिळकत मुलांना वाटून टाकू नका, हे त्यांना शंभराव्या प्रयोगातही बेलवलकरांच्या कानात सांगता आले नसते. पुढे दत्ता भटांनी तीच भूमिका केली. संहिता तीच, बेलवलकर वेगळे. लागूंनी भूमिका केलीच नाही, कारण त्यांना निवड नव्हती, असे म्हणणाऱ्याला आपण थिएटरच्या दारातून आत तरी सोडू का?

‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ हा या दुसऱ्या अर्थाने भूमिकेचा गेम आहे, आणि म्हणूनच त्या विद्यार्थिनीने तो निवडला होता. खेळणारा सुरुवातीला लहान मुलगा असतो. बापाचे बोट धरून हिंडतो. मग शत्रू त्या मुलालाच ओलीस धरतो, म्हणून बाप हात उचलत नाही आणि मुलाच्या डोळ्यांदेखत मारला जातो. खेळणारा बटण दाबून काही करू शकत नाही. त्यानंतर दहा वर्षे गुलामी. मग सुटका, भटकंती, लग्न. इथे मात्र निवड आहे: बियांका की फ्लोरा? बालपणीची मैत्रीण की श्रीमंताची कन्या. ही निवड जपानी खेळणाऱ्यांत आजही भांडणाचा विषय आहे. मग जुळी मुले होतात, आणि थोड्याच दिवसांत नवरा-बायको दोघांनाही शाप लागून त्यांचे दगड होतात.

पुढचा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातातले नियंत्रण-यंत्र खाली ठेवले. नायकाचा पुतळा लिलावात विकला जातो. एक धनिक तो आपल्या तान्ह्या मुलाचे रक्षण व्हावे म्हणून अंगणात उभा करतो. ऋतू बदलतात. ते मूल रांगू लागते, चालू लागते. खेळणारा दगड आहे. दुसऱ्याचे मूल वाढताना तो पाहतो आणि त्याच वेळी त्याची स्वतःची मुले कुठेतरी त्याच्यावाचून वाढत असतात. एके दिवशी राक्षस येऊन त्या घरातले मूल पळवून नेतात. बाप संतापाने पुतळ्याला खाली पाडतो, कारण ज्यासाठी तो आणला तेच त्याच्याने झाले नाही. आपल्या बापाला वाचवू न शकलेला मुलगा, आता दुसऱ्याच्या मुलाला वाचवू न शकलेला दगड. काही वर्षांनी त्याची मुले त्याला शोधून जिवंत करतात, आणि तेव्हा कळते की ज्या दैवी वीराचा शोध बापाने घेतला, नायकाने घेतला, तो वीर नायक नव्हताच. तो त्याचा मुलगा आहे. ती तलवार नायकाला कधीच पेलणार नाही.

बटण दाबूनही काही न घडणे, ही इथली भूमिका आहे. निवड दिली असती तर तो प्रसंग मेला असता. कादंबरीत हे वाचून जे होईल ते इथे होत नाही, कारण कादंबरीच्या वाचकाच्या हातात बटण नसते. असहाय होण्यासाठी आधी हात असावे लागतात. ‘कथा आधीच ठरलेली आहे’ हा आक्षेप घेणाऱ्या अध्यक्षांना ही गोष्ट सांगायला हवी होती. असो.

आणि पहिल्या अर्थाची भूमिका जपानला माहीतच नव्हती, हेही खोटे आहे. पहिल्याच ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये शेवटचा शत्रू खेळणाऱ्याला अर्धे जग देऊ करतो. ‘हो’ म्हणता येते, आणि म्हटले तर खेळ तिथेच, वाईट रीतीने संपतो. त्याच गेममध्ये राजकन्या आपल्याला सोबत नेशील का विचारते. तिथे कितीही वेळा ‘नाही’ म्हटले तरी ती ‘हो’ येईपर्यंत तोच प्रश्न विचारत राहते. खरी निवड आणि निवडीचे विडंबन, दोन्ही १९८६ सालच्या त्या ६४ किलोबाइटमध्ये आहेत. १९९२ च्या ‘शिन मेगामी टेन्सेई’मध्ये व्यवस्था, अराजक किंवा मधला मार्ग यांतले खेळणारा काय निवडतो त्यावर शेवट बदलतो. त्याच वर्षीच्या ‘रोमान्सिंग सागा’मध्ये आठ नायकांपैकी कोणाचीही कथा निवडून मन मानेल तसे हिंडता येते. उलट बाजू पाहा. पोलंडमध्ये झालेला ‘द विचर ३’ (२०१५) पाश्चात्त्य रोल-प्लेइंग गेमचा मानदंड म्हणून मिरवला जातो. त्याचा नायक गेराल्ट हा आंद्रझेय सापकोव्स्की यांच्या पुस्तकांतून आलेला: नाव ठरलेले, चेहरा ठरलेला, भूतकाळ ठरलेला. पात्र घडवण्याची मुभा नाही म्हणून त्याला कोणी पंक्तीतून उठवले नाही.

प्रतिपक्षाचे जे आहे ते त्याला दिले पाहिजे. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये अंतिम शत्रूला शस्त्राने हरवण्याऐवजी त्याच्या योजनेतली चूक पुराव्यानिशी दाखवून देता येते: त्याने निर्माण केलेल्या नव्या वंशाला संततीच होऊ शकत नाही. हे पटताच तो स्वतःचाच शेवट करतो. युक्तिवादाने जिंकलेली ही लढाई म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या हरवलेल्या सूत्रधाराचा थोडासा आवाज परत आणणे होते, आणि त्या काळच्या जपानी गेम्समध्ये याला तोड नव्हती. ‘फायनल फँटसी १३’ हा अरुंद बोळातून चालायला लावणारा, स्वतःच्या परिभाषेत गुरफटलेला गेम आहे, हेही मला मान्य आहे. पण कंटाळवाणी कादंबरी ही कंटाळवाणी कादंबरीच असते; ती कादंबरी नव्हे असे आपण म्हणत नाही. गुणदोषांचा निवाडा टाळण्यासाठी व्याख्येचा आसरा घेणे ही समीक्षेतली पळवाट आहे, आणि ‘जे’ हे अक्षर त्या पळवाटेचे दार आहे. ते लावले की वाचायचे काम संपते.

जपानमध्ये नुसते ‘आरपीजी’ म्हटले की लोक व्हिडिओ गेमच समजतात. टेबलाभोवती बसून खेळायच्या मूळ प्रकाराला तिथे ‘टेबलटॉक आरपीजी’ असे विशेषण जोडावे लागते. म्हणजे विशेषण कोणाला लागते आणि कोण बिनविशेषणाचा मिरवतो, हे खेळाच्या स्वरूपावरून ठरत नाही. बोलणारा कुठे उभा आहे त्यावरून ठरते. मराठी समीक्षेला हे नव्याने शिकवायला नको. ‘ग्रामीण’ आणि ‘दलित’ ही विशेषणे अनेक लेखकांनी लढ्यासाठी आपणहून धारण केली ही गोष्ट वेगळी. पण उरलेले ते ‘नुसते साहित्य’ हे ठरवणारे कोण होते, याचा हिशेब आपण अजून पुरता मांडलेला नाही.

दोन खाती ठेवणाऱ्यांची खरी पंचाईत अलीकडच्या गेम्सनी केली आहे. ‘डीमन्स सोल्स’ (२००९) आणि ‘डार्क सोल्स’ (२०११) करणारे हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की, लहानपणी ते ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तके आणत. सगळे समजत नसे, आणि न समजलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढत. त्यांच्या गेम्समध्ये कथा सांगितली जात नाही. वस्तूंवरच्या चार-दोन ओळींतून, पडक्या भिंतींतून ती खेळणाऱ्याने जुळवायची असते. अर्धवट कळलेल्या परकी पुस्तकाचा वाचनानुभवच त्यांनी गेमचे रूप देऊन मांडला. हा युरोपीय मध्ययुगातला जपानी गेम कोणत्या खात्यात? शिगेसातो इतोई यांच्या ‘मदर’ मालिकेवर पोसलेल्या टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाचा ‘अंडरटेल’ (२०१५) कोणत्या? २०२५ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या एका छोट्या चमूने आळीपाळीच्या लढाईचा, ठरलेल्या नायकांचा, एकाच शोकात्म कथेचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ केला तेव्हा त्याला ‘फ्रेंच जेआरपीजी’ म्हणण्याची पाळी आली. शब्द इतका वाकवावा लागला, तरी टाकून द्यावा असे कोणाला सुचले नाही.

यंदाच्या चर्चासत्राचे पत्रक गेल्या आठवड्यात आले. त्यात व्हिडिओ गेमसाठी दोन विभाग आहेत: ‘रोल-प्लेइंग गेम’ आणि ‘जपानी रोल-प्लेइंग गेम’. त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा पाठवला आहे. विस्तारलेला, पुतळ्याच्या प्रसंगावर आता सात पाने आहेत. कोणत्या विभागात पाठवलास, असे मी तिला विचारले. ‘नाट्य आणि प्रयोगकला,’ ती म्हणाली.